बीम ओढू नका, ताल सांगा

स्टाफ नोटेशनमध्ये स्वराची उभी दांडी म्हणजे स्टेम, दांड्या जोडणारा आडवा पट्टा म्हणजे बीम. चुकीचा पडला की लोक माउसने ओढतात. ‘दिसतंय ना नीट?’ मला हे अजिबात पटत नाही. बीम सजावट नाही, तो ठोका कुठे पडतो ते सांगतो. सहा एट्थ नोट्स तीन-तीन जोडल्या की डोळा ६/८ वाचतो, दोन-दोन जोडल्या की ३/४. रूपक ७/८ मध्ये लिहिला आणि बीम २+२+३ पडले, तर वाजवणारा भलताच ताल धरणार. म्यूझस्कोरमध्ये टाइम सिग्नेचरच्या प्रॉपर्टीजमध्ये ३+२+२ गट करा. लिलीपाँडमध्ये बीटस्ट्रक्चरची एक ओळ पुरते. हाताने वर वळवलेली दांडी तर पट्टी बदलली तरी वरच राहते, स्वर मधल्या रेषेच्या कितीही वर जावो. कोडमध्ये याला हार्डकोडिंग म्हणतात, आणि तसा कोड मी मर्ज करत नाही.