तळं नव्हे, धरण आहे ते

इसापूरला शहरातले पाव्हणे येतात अन् म्हणतात, "काय सुंदर तळं आहे!" बापा, तळं नाही ते. पैनगंगा अडवून 1982 साली पुरं केलेलं धरण आहे. ज्या पाण्याचे तुम्ही फोटो काढता, त्याच्या बुडाशी वावरं आहेत, विहिरी आहेत, गावठाणं आहेत.

धरणाचं पाणी खाली उमरखेड, हिंगोली, नांदेडकडे जाते. जाऊ द्या. तिथंही शेतकरीच आहे, त्याच्या ओलितावर माझा डोळा नाही. पण कालवा उताराने चालतो, हे शाळकरी पोरालाही समजते. वरच्या अंगाची काठची गावं राहिली चढावर. त्यांना पाणी पाहिजे तर मोटर पाहिजे, पाइप पाहिजे, लाइन पाहिजे. ज्याच्याजवळ हे नाही, त्यानं काठावर बसून पाणी नुसतं पाहायचं. पाखरांसाठी अभयारण्य झालं, चांगलं झालं. पण वावर बुडालेल्या माणसाचं काय?

कोणी म्हणते, पर्यटन वाढवा, रोजगार येईल. चहाच्या टपरीवर दोन घरं जगतील, सारं गाव नाही. माझं म्हणणं सरळ आहे : काठच्या गावांना उपसा सिंचन द्या, दिवसा वीज द्या, अन् उन्हाळ्यात पाणी हटल्यावर उघडी पडते ती गाळपेराची जमीन आधी बुडीतवाल्यांना द्या.

तुम्ही या, जरूर या. फक्त काठच्या एखाद्या गावात थांबून म्हाताऱ्या माणसाला विचारा, "बाबाजी, तुमचं जुनं गाव कुठं होतं?" तो पाण्याकडे बोट दाखवेल. मग त्या पाण्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.