स्पेलिंगची घोकंपट्टी

देवळाच्या अग्रशाळेत दिवेलागणीला मुलांची शिकवणी भरते. परवचा आटोपला की इंग्रजी शब्दांचा घोष सुरू होतो : के-एन-आय-एफ-ई, नाइफ. एखादे धीट पोर विचारते, “गुरुजी, उच्चारात ‘के’ नाही, मग तो लिहायचा कशाला?” उत्तर ठरलेले : “तसेच असते. पाठ कर.” या उत्तराविरुद्ध आम्ही वाचकांच्या न्यायासनापुढे दाद मागत आहोत.

माध्यमाचा वाद आम्ही येथे उकरीत नाही. १९९० साली गोव्यात प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोंकणीपुरते राखले गेले आणि २०११ साली ते इंग्रजी शाळांना खुले करण्याचा निर्णय झाला, तेव्हा उठलेले रान सर्वांना स्मरते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीतच आली. माध्यम कोणतेही असो, इंग्रजी शिकवली जाणारच. ती कशी शिकवावी, याची चौकशी मात्र आमच्या समाजात कोणी करीत नाही.

“इंग्रजीला नियमच नाहीत”, हा प्रतिपक्षाचा मुख्य मुद्दा. तो पुराव्यावर टिकत नाही. १९६६ साली अमेरिकेत पॉल हॅना व त्यांच्या सहकाऱ्यांनी सतरा हजारांहून अधिक शब्द संगणकाकडून केवळ नियमांनी लिहवून घेतले. सुमारे निम्मे अचूक उतरले. उरलेल्यांतही पुष्कळांत एकच चूक होती. ‘हॅट’ला अंती ‘ई’ जोडा, ‘हेट’ होतो. ‘हॉप’चा ‘होप’ होतो. ऱ्हस्व स्वरानंतर ‘बॅक’मध्ये ‘सी-के’ येतात, ‘बेक’मध्ये नुसता ‘के’. ‘हॉपिंग’मध्ये ‘पी’ दोन, ‘होपिंग’मध्ये एक. ‘ई’, ‘आय’, ‘वाय’ यांच्यापूर्वी ‘सी’चा उच्चार ‘स’, एरवी बहुधा ‘क’. आठ वर्षांच्या मुलाला हे कळत नाही, असे म्हणणाऱ्याने ते एकदा शिकवून पाहावे.

राहिले अपवाद. त्यांनाही इतिहास आहे. ‘नाइफ’मधला ‘के’ एके काळी उच्चारला जाई. १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. पुढे लेखन स्थिरावत गेले, जीभ मात्र बदलत राहिली. आम्हा वकिलांच्या नित्य परिचयाचा ‘डेट’, म्हणजे ऋण, हा शब्द फ्रेंचातून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. लॅटिन कूळ दाखविण्याच्या हौसेने विद्वानांनी तो घातला. ‘आयलंड’मधील ‘एस’ तर खोट्या नात्यावर घरात शिरला आणि दीर्घ वहिवाटीने मालक झाला! ही कथा ऐकलेले मूल ते अक्षर सहसा विसरत नाही.

“पाठांतर ही आमची परंपरा”, असे कोणी म्हणतील. पाठांतराचा द्वेष आम्हाला नाही. परंतु वेदपठणाबरोबर शिक्षा आणि प्रातिशाख्ये होती. वर्ण कंठातून निघतो की तालूतून, हे बटूला प्रथम शिकवीत. उत्सर्ग आणि अपवाद यांची व्यवस्था लावणाऱ्या पाणिनीचे नाव घ्यावे आणि मुलाला नियमाविना शब्द गिळावयास लावावे, ही कोणती परंपरा? बाराखडी म्हणणाऱ्या मुलाचा कान ध्वनी वेगळे करण्यास आधीच तयार असतो. ती पुंजी आम्ही वाया घालवीत आहोत.

आमची मागणी माफक आहे. शिकवणीत शब्द एकेका नियमाखाली गटाने द्यावेत. आधी ध्वनी ऐकवावा, मग अक्षरे लिहवून घ्यावीत. अपवादांची यादी निराळी ठेवून जमेल तेथे कारण सांगावे. याला नवा निधी नको, नवी इमारत नको. देवस्थानच्या महाजनांनी एक सभा यासाठी द्यावी.

स्पेलिंग चुकले म्हणून ज्याला मठ्ठ ठरवून मागच्या रांगेत बसविले, ते मूल बहुधा “का?” विचारणारेच असते. इंग्रजी त्याला पुढे केव्हाही येईल. एकदा मुका झालेला तो प्रश्न परत बोलता करणे मात्र आमच्या हाती राहत नाही.