घर कोणी सोडायचे?

विवाहितेवर हात उगारला गेला, की समाजाचा पहिला प्रश्न असतो, 'आता ही जाणार कुठे?' मारणाऱ्याने कुठे जावे, हे कोणी विचारीत नाही. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने हा प्रश्न उलटा केला. कलम १७ नुसार पत्नीला नांदत्या घरात राहण्याचा हक्क आहे, मग ते घर कोणाच्याही नावावर असो. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी पतीलाच घराबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतात. तसा आदेश सासूविरुद्ध मात्र देता येत नाही, हे 'सुना आता वृद्धांना रस्त्यावर आणतील' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. डिसेंबर २००६ च्या निकालाने सासूच्या मालकीचे घर या हक्कातून वगळले होते. सर्वोच्च न्यायालयानेच ऑक्टोबर २०२० मध्ये तो अन्वयार्थ रद्द ठरवला. तोवर चौदा वर्षे गेली.

हा कायदा कुटुंबे मोडतो, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. वस्तुतः संरक्षण मागण्यासाठी घटस्फोटाचा अर्ज लागत नाही, फौजदारी तक्रारही लागत नाही. संरक्षण आदेश मोडला, तरच एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पतीला ताकीद मिळावी आणि संसार राहावा, असे वाटणाऱ्या स्त्रीसाठी याहून सौम्य मार्ग कोणता? कुटुंब मोडते ते मारहाणीने, अर्जाने नव्हे.

खरी उणीव अंमलबजावणीत आहे. अर्ज लिहून देणे, वैद्यकीय तपासणी करविणे, निवारागृह मिळवून देणे, ही कामे संरक्षण अधिकाऱ्याची. परंतु अनेक ठिकाणी हे पद दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून अडकवलेले असते. हे अधिकारी नेमा, असे राज्यांना मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजवावे लागले. कायदा होऊन तेव्हा वीस वर्षे होत आली होती! अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. न्यायालयातील तारखा काही वेगळेच सांगतात.

शेजाऱ्यांचे काय? भिंतीपलीकडचा आक्रोश ऐकून दूरदर्शनचा आवाज वाढवणारी घरे थोडी नाहीत. 'नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडणार', ही सबब कलम ४ ने काढून घेतली आहे. कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो, आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी ठपका येत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक आहेत. फिरवायला पुढची भिंत ओलांडावी लागत नाही.