खेळाचा संगणक आणि रायपूरचा उन्हाळा

संगणकावर खेळले जाणारे खेळ हा विषय शास्त्रीय विवेचनास योग्य आहे काय, अशी शंका कित्येक पालकांस व शिक्षकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या चिपा आज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरल्या जातात, त्यांची वाढ दीर्घकाळ ह्याच खेळांच्या पैशावर झाली. एनव्हिडिया ह्या अमेरिकन कंपनीने १९९९ साली ‘जीफोर्स २५६’ ही चिप विक्रीस काढली, तेव्हा तिचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे खेळाची हौस असलेले तरुण होते. आज त्याच कुळातील चिपांसाठी नवा रायपूर येथे स्वतंत्र केंद्र उभारण्याचे काम निघाले आहे. तेव्हा उद्याच्या टेबलावरील संगणकात चित्रे रेखाटणारा भाग कसा असेल, हा प्रश्न पोरखेळाचा नव्हे. रायपूरसारख्या उष्ण शहरात तर तो विजेचा, उष्णतेचा आणि खिशाचाही प्रश्न होय.

पडद्यावरील चित्र बिंदूंचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० बिंदू, म्हणजे एकूण २० लक्ष ७३ हजार ६०० बिंदू असतात. खेळ चालू असता हे सर्व बिंदू सेकंदास ६० वेळा नव्याने रंगवावयाचे म्हटले, तर दर सेकंदास १२ कोटींहून अधिक बिंदूंचा रंग गणिताने ठरवावा लागतो. एका बिंदूचे गणित फारसे अवघड नसते, आणि ते शेजारच्या बिंदूच्या उत्तरावाचून सहसा अडतही नाही. छत्तीसगडात धानाची रोवणी ज्याने पाहिली आहे, त्याला ह्याचे मर्म चटकन उमगेल. एकटा गडी कितीही कुशल असला, तरी चिखलात ओळीने उतरलेल्या चाळीस बायांची बरोबरी त्याला करता येत नाही. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा तो कुशल गडी, तर ग्राफिक्स चिप ही हजारो साध्या हातांची ओळ. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणकही अनेक लहान प्रोसेसरांस एकाच कामास जुंपण्याच्या तत्त्वावर उभा होता.

हात वाढवावयाचे तर ट्रान्झिस्टर वाढवावे लागतात, आणि खरी अडचण येथेच आहे. एनव्हिडियाच्या लागोपाठच्या तीन थोर कार्डांचे आकडे पाहावेत. (दीड-दोन किलो वजनाच्या ह्या ठोकळ्यास अजून ‘कार्ड’ म्हणतात, ही केवळ जुन्या नावाची पुण्याई.) २०२० च्या ‘आरटीएक्स ३०९०’ मधील चिपमध्ये २,८३० कोटी ट्रान्झिस्टर होते व कार्डास ३५० वॅट वीज लागे. २०२२ च्या ‘४०९०’ मध्ये ट्रान्झिस्टर ७,६३० कोटी झाले आणि वीज ४५० वॅट. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘५०९०’ मध्ये ते ९,२२० कोटी आहेत, आणि वीज ५७५ वॅट. दोन्ही वेळा विजेची वाढ सारखीच, शेकडा २८-२९ आहे. परंतु पहिल्या खेपेस तिच्या मोबदल्यात ट्रान्झिस्टर जवळजवळ पावणेतीनपट झाले. दुसऱ्या खेपेस ते शेकडा २१ नेच वाढले.

ह्याचे कारण उघड आहे. पहिल्या खेपेस चिप घडविण्याची पद्धत बदलून अधिक सूक्ष्म झाली होती. दुसऱ्या खेपेस पद्धत बव्हंशी जुनीच राहिली, म्हणून चिपच मोठी केली गेली. तिचे क्षेत्रफळ सुमारे ६०९ चौरस मिलिमीटरांवरून ७५० वर गेले. ह्या मार्गाने फार पुढे जाता येणार नाही. चिपवर रेषा उमटविणाऱ्या यंत्राच्या भिंगाखाली एका वेळी २६ गुणिले ३३, म्हणजे ८५८ चौरस मिलिमीटर एवढेच क्षेत्र येते. यास्तव पुढच्या पिढीस अधिक सूक्ष्म पद्धतीकडे वळावेच लागेल. ती महाग आहे, आणि तिच्यासाठी अधिक धनवान गिऱ्हाइके आधीच रांगेत उभी आहेत.

तोवर विजेचा आकडा वाढत जाणार असेल, तर रायपूरकरांनी तो निमूटपणे मान्य करू नये. येथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर चढतो. संगणकास दिलेली वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने खोलीतच उतरते. असे कार्ड, प्रोसेसर व इतर भाग मिळून ७००-८०० वॅट खर्चू लागले, म्हणजे भर उन्हाळ्यात खोलीत शेगडी पेटवून बसल्यासारखेच झाले. शिवाय चिपमधून उष्णता किती वेगाने बाहेर पडेल, हे चिप व हवा ह्यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. चिप ९० अंशांपर्यंत तापू द्यावयाची असे धरले, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ६५ अंश, आणि ४० अंशांच्या खोलीत अवघा ५० अंश राहतो. म्हणजे तोच पंखा त्याच वेगाने फिरत असता जवळपास पाऊणपटच उष्णता वाहून नेतो. थंड देशांतील प्रयोगशाळेत मोजलेला वेग येथील दुपारी मिळेलच, असे मानण्याचे कारण नाही.

ह्या अडचणीवर कंपन्यांनी एक युक्ती योजिली आहे. प्रत्यक्ष गणिताने काढलेल्या दोन चित्रांच्या मध्ये अंदाजाने रचलेली चित्रे घालावयाची. एनव्हिडियाच्या २०२५ च्या योजनेत अशी तीन चित्रेपर्यंत घालता येतात. हालचाल त्यामुळे गुळगुळीत दिसते, हे खरे. परंतु खेळाडूने दाबलेल्या कळीची दाद ह्या मधल्या चित्रांस नसते, म्हणून त्यांची गणना कार्डाच्या बळात करणे म्हणजे खरेदीदाराची दिशाभूल होय.

मेमरीची कथा अधिक खेदाची आहे. २०१६ च्या ‘जीटीएक्स १०७०’ कार्डात ८ जीबी मेमरी होती. २०२५ च्या ‘आरटीएक्स ५०६०’ मध्येही ती ८ जीबीच आहे. नऊ वर्षांत विज्ञान थांबले नव्हते. लक्ष दुसरीकडे गेले. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षी एनव्हिडियाचे उत्पन्न सुमारे १३० अब्ज डॉलर झाले. त्यात माहितीकेंद्रांचा वाटा ११५ अब्जांचा, तर खेळांचा ११ अब्जांचा होता. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा मेमरीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. नवा रायपूर येथील केंद्र हे ह्याच ओघातील आहे. रॅकबँक कंपनीच्या ह्या सुमारे १,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पाची कोनशिला मे २०२५ मध्ये बसविण्यात आली. क्षमता आरंभी ५ मेगावॅट व पुढे १५० मेगावॅट अशी सांगण्यात आली. अशा केंद्राने शहराचा लाभ होईल, ह्यात संशय नाही. परंतु रायपूरचा विद्यार्थी ज्या मेमरीसाठी दुकानात घासाघीस करतो, तिच्यासाठी त्याच्याच शहरालगत कितीतरी बलाढ्य गिऱ्हाईक येत आहे, हेही तितकेच खरे.

ह्या सर्वांचा विचार करता, मध्यम किमतीच्या संगणकातून स्वतंत्र कार्ड हळूहळू नाहीसे होईल, असे अनुमान निघते. प्रोसेसर व ग्राफिक्स चिप एकत्र नांदतील, आणि दोघांची मेमरी सामाईक असेल. एएमडी कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दाखविलेली ‘रायझन एआय मॅक्स’ ही चिप ह्या जातीची आहे. तिला कमाल १२० वॅटांच्या आसपास वीज पुरते, आणि १२८ जीबीपर्यंत सामाईक मेमरी जोडता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये इंटेल व एनव्हिडिया ह्यांनीही अशाच संयुक्त चिपा घडविण्याचा करार जाहीर केला. मात्र ह्या मार्गासही मर्यादा आहे. एएमडीच्या त्या चिपमध्ये मेमरीतून सेकंदास २५६ जीबी माहिती वाहते. ‘५०९०’ मध्ये १,७९२, म्हणजे बरोबर सातपट. अत्युच्च खेळांची हौस असणाऱ्यांसाठी स्वतंत्र कार्ड राहीलच. ते दोन लक्ष रुपयांहून महाग, श्रीमंतांच्या मोटारीसारखे राहील.

रायपूरच्या उन्हास व सामान्य कुटुंबास हा बदल मानवेल. त्यात एक मोठा तोटा मात्र आहे. स्वतंत्र कार्डाच्या व्यवस्थेत विद्यार्थी आज साधा संगणक घेई, दोन वर्षांनी पैसे साठवून कार्ड बसवी, आणखी दोन वर्षांनी मेमरी वाढवी; शाळाही असेच करीत. संयुक्त चिपची मेमरी बहुधा मदरबोर्डावर कायमची जडविलेली असते. फ्रेमवर्क कंपनीने ती सुटी ठेवता येते काय, हे एएमडीच्या साहाय्याने तपासून पाहिले. परंतु वेग फार घटतो, असे आढळून आल्याचे तिने सांगितले. सुट्या मेमरीच्या ‘कॅम-२’ ह्या नव्या पट्टीचे मानक डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पुढच्या संयुक्त चिपा तिच्याशी जुळत्या घडविणे, हे वेगाच्या शर्यतीपेक्षा अगत्याचे काम आहे. तोवर, शाळा व ग्रंथालये ह्यांच्यासाठी अशी यंत्रे घेताना आज पुरेल त्याच्या दुप्पट मेमरी प्रथमच मागावी. ती नंतर वाढविता येणार नाही.