मोडका भाग फेकू नका

अब्बांची जुनी फियाट अजून काही घरांत ताडपत्रीखाली उभी आहे. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी बंद होऊन २० वर्षे उलटली. आता तिचे भाग आपण चोरबाजारात, कुर्ल्याच्या भंगारात शोधतो. नाहीच मिळाले तर कारागीर गाठतो. त्याच्यासाठी मोडका भाग हाच नमुना. म्हणून तो फेकू नये, असे आम्ही सांगतो. पण त्यावरूनच साचा घेतला, तर नवा भाग लहान निघतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. बीड सुमारे १ टक्का, ॲल्युमिनियम थोडे जास्त. जाणता कारागीर नमुना तेवढा वाढवून घेतो. दाराची मूठ, दिव्याची रिंग अशी खुशाल घडवून घेऊ. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये मात्र असले प्रयोग नकोत. गाडीत आपलीच मुलेबाळे बसतात.