नोकरीतील डॉक्टर आणि अर्धवेळ शिक्षणाचा पेच

परळच्या केईएम रुग्णालयाच्या फाटकाशी सकाळी आठच्या सुमारास उभे राहिले, तर मुंबईच्या वैद्यकीय व्यवस्थेतील दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जाताना दिसतात. एक प्रवाह आत शिरणाऱ्या निवासी डॉक्टरांचा. हे एमडी होऊ घातलेले तरुण राऊंडच्या तयारीत असतात. दुसरा प्रवाह रात्रपाळी संपवून लालबाग, शिवडी, दादर येथील खासगी रुग्णालयांतून घराकडे निघालेल्या एमबीबीएस डॉक्टरांचा. पहिल्या प्रवाहातील डॉक्टर तीन वर्षांनी 'फिजिशियन' म्हणून ओळखला जाईल. दुसऱ्यातील डॉक्टर तसेच रुग्ण पाहत असतो, पुष्कळदा तितकेच गंभीर. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने तो जेथे होता तेथेच राहतो.

हा दुसरा डॉक्टर आता रात्री पाळी नसेल तेव्हा संगणकासमोर बसू लागला आहे. परदेशी विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम त्याच्यासाठी खुले झाले आहेत. एडिनबरा विद्यापीठाने इंटर्नल मेडिसिन म्हणजे आपल्याकडच्या जनरल मेडिसिन या विषयाचा अर्धवेळ ऑनलाइन एमएस्सी अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्या डॉक्टरांसाठीच उभा केला. याखेरीज देशात 'फेलोशिप' नावाने विकल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांची तर गणतीच नाही. शिकण्याची भूक खरी आहे, ती भागविण्यासाठी पैसाही मोजला जात आहे. प्रश्न असा, की या शिक्षणाला आपल्या व्यवस्थेत स्थान काय? आणि ते नसेल, तर या डॉक्टरांनी शिकायचे तरी कसे?

कायद्याची भिंत

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. भारतात जनरल मेडिसिनमधील एमडी ही तीन वर्षांची पूर्णवेळ निवासी पदवी आहे. एमबीबीएसनंतर प्रवेश परीक्षा, मग वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, तातडीचा कक्ष, प्रबंध आणि अखेरीस परीक्षा असा हा क्रम. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी हीदेखील पूर्णवेळच. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये जे नियम केले, त्यांत वैद्यकशास्त्राला या मार्गातून वगळण्यात आले आहे. परदेशी ऑनलाइन एमएस्सी घेतलेल्या डॉक्टरची येथे तज्ज्ञ म्हणून नोंद होत नाही. तक्रार करण्याचेही कारण नाही, कारण ती पदवी खुद्द ब्रिटनमध्येही कोणाला तज्ज्ञांच्या नोंदवहीत नेऊन बसवीत नाही. तेथेही त्यासाठी रुग्णालयातील प्रशिक्षण पुरे करावे लागते.

या भिंतीमागे तर्क आहे, तो नाकारता येणार नाही. मेडिसिन हा विषय पुस्तकातून जितका शिकला जातो, त्याहून अधिक रुग्णाच्या खाटेजवळ शिकला जातो. यकृत हाताला लागणे, हृदयाच्या ठोक्यातील बारीक बिघाड कानाला कळणे, शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाकडे पाहून पुढच्या दहा मिनिटांत काय करायचे याचा निर्णय घेणे, या गोष्टी पडद्यावर दाखविता येतात, अंगी बाणविता येत नाहीत. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, मुंबईतील महापालिका रुग्णालयांचे वॉर्ड करोना रुग्णांनी भरले आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांची व्याख्याने ऑनलाइन झाली. तेव्हा नेत्रशल्य वा अस्थिशल्य शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांची खंत हीच होती, की व्याख्याने मिळाली पण हात बसला नाही.

तथापि तर्काची दुसरी बाजूही आहे. शिक्षणाचा कोणता भाग खाटेजवळच हवा आणि कोणता नको, हे आपल्या नियामकांनीही आता वेगळे केले आहे. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला संशोधनपद्धतीचा पायाभूत अभ्यासक्रम ऑनलाइनच पूर्ण करावा लागतो. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था तो चालविते. परळमध्येच टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील डॉक्टर आपापल्या अवघड रुग्णांची चर्चा दूरदृश्य बैठकीत करतात. लहान शहरातील कर्करोगतज्ज्ञाला त्यातून जे मिळते, ते शिक्षण नव्हे असे कोण म्हणेल? म्हणजेच पडदा शिकवू शकतो. मात्र शिकणाऱ्यासमोर त्याचा स्वतःचा रुग्ण असावा लागतो आणि त्याने काय केले हे तपासणारा वडीलधारा शिक्षक असावा लागतो.

शंभर वर्षांचा अनुभव

नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या डॉक्टरांना पदव्युत्तर दर्जा कसा द्यावा, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. टाटा रुग्णालयासमोर, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची इमारत आहे. इंग्लंडमधील रॉयल कॉलेजांच्या धर्तीवर १९१२ मध्ये ही संस्था स्थापन झाली. असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये, राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रेरणेने निघालेल्या आणि पुढे नायर रुग्णालयाशी जोडल्या गेलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी याच संस्थेची 'लायसेन्शिएट' परीक्षा देत. गिरगाव-लालबागच्या जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसणारी एलसीपीएस ही अक्षरे तेथूनच आली. नंतरच्या पिढ्यांना एफसीपीएस आणि निरनिराळ्या पदविका परिचयाच्या झाल्या. वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या रुग्णालयातही शिकता यावे, अखेरची परीक्षा मात्र एकाच बाहेरच्या संस्थेने घ्यावी, हे तिचे सूत्र होते.

हे सूत्र पुढे कसे विस्कटले, हे अलीकडच्या घटनांवरून दिसते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये या संस्थेच्या ३९ अभ्यासक्रमांना मान्यता दिली आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांतील ३६ अभ्यासक्रमांची मान्यता काढून घेतली. स्त्रीरोग, बालरोग व विकृतिशास्त्र या तीन विषयांतील पदविका तेवढ्या शिल्लक राहिल्या. त्यानंतर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने संलग्न रुग्णालयांची तपासणी केली, तेव्हा अनेक ठिकाणी अध्यापक व सुविधा यांच्या त्रुटी आढळल्या. पुढे प्रवेशाचा वाद न्यायालयात गेला. या सर्वांत सर्वाधिक भरडले गेले ते विद्यार्थी. पदविका हाती असली तरी राज्याबाहेर तिचे मोल काय, हे त्यांना कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते.

या अनुभवातून दोन धडे निघतात. पहिला असा, की पूर्णवेळ महाविद्यालयाबाहेरच्या शिक्षणाला मागणी होती आणि आहे. नाहीतर इतकी रुग्णालये आणि इतके विद्यार्थी त्यात उतरलेच नसते. दुसरा धडा अधिक कडू आहे. देखरेख सैल पडली, की अशी व्यवस्था रुग्णालयांना स्वस्त मनुष्यबळ पुरविण्याचे साधन बनते. विद्यार्थी राबतो, शिकविले फारसे जात नाही, आणि परीक्षा तेवढी कडक राहिली तरी मधली वर्षे पोकळ जातात. अर्धवेळ वा ऑनलाइन शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा दुसरा धडा विसरून चालणार नाही.

अर्धवेळ म्हणजे अर्धवट नव्हे

आपल्याकडे 'अर्धवेळ' हा शब्द उच्चारताच 'अर्धवट' असा अर्थ घेतला जातो. ब्रिटनमध्ये तसे नाही. तेथे फिजिशियन होऊ इच्छिणारा डॉक्टर मुलांचे संगोपन, आजारपण वा अन्य कारणासाठी कमी वेळेचे प्रशिक्षण मागू शकतो. सवलत आठवड्याच्या तासांत मिळते, एकूण अनुभवात नव्हे. तास कमी केले की वर्षे त्या प्रमाणात वाढतात. परीक्षा तीच राहते, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यात परीक्षकांसमोर प्रत्यक्ष रुग्ण तपासूनच उत्तीर्ण व्हावे लागते.

आपल्या निवासी डॉक्टरांचे वास्तव याच्या नेमके उलट आहे. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत 'वाजवी' कामाचे तास आणि साप्ताहिक सुटी यांचा उल्लेख आला. आयोगानेच नेमलेल्या कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम नको, अशी शिफारस केली. म्हणजे तीन दशकांनी आपण ४८ वरून ७४ वर आलो, आणि त्यालाही सुधारणा म्हणण्याची पाळी आली. ज्याला घरी तान्हे मूल आहे, वृद्ध आईवडील आहेत वा ज्याच्या पगारावर घर चालते, त्याने या चक्रात उतरायचे नाही, असेच ही व्यवस्था अप्रत्यक्षपणे सांगते. विवाहानंतर एमडीचा विचार सोडून देणाऱ्या स्त्री-डॉक्टर प्रत्येकाच्या परिचयात असतात. त्यांच्या गुणवत्तेत उणीव नव्हती. व्यवस्थेत त्यांच्यासाठी दार नव्हते.

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून होमिओपॅथी पदवीधरांसाठी आधुनिक औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा मार्ग खुला केला. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये डॉक्टरांच्या संघटना संपावर गेल्या. त्या वादाची बरी-वाईट बाजू येथे तपासण्याचे प्रयोजन नाही. परंतु व्यवसायात असलेल्या अन्य शाखेच्या पदवीधरासाठी जे राज्य एका वर्षाचा मार्ग आखते, तेच राज्य व्यवसायात असलेल्या एमबीबीएस डॉक्टरला मेडिसिन अधिक खोलवर शिकण्यासाठी चार वा पाच वर्षांचाही मार्ग आखून देत नाही, हे विचित्र खरे.

मुंबईपासून आरंभ

असा मार्ग आखायचा झाल्यास मुंबई महापालिकेइतकी सोयीची जागा दुसरी नाही. केईएम, नायर, शीव आणि कूपर ही वैद्यकीय महाविद्यालये तिचीच. शहरभरचे दवाखानेही तिचेच. २०२२ पासून 'आपला दवाखाना' योजनेतून त्यांत भर पडली. या दवाखान्यांतील डॉक्टर रोज मधुमेह, रक्तदाब, क्षय यांचे रुग्ण पाहतो. त्याला आठवड्यातील ठरावीक दिवस आणि एक रात्र महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात नेमता येईल. व्याख्याने ऑनलाइन होतील. आपल्या दवाखान्यातील रुग्णांची नोंदवही त्याने शिक्षकासमोर ठेवावी. कालावधी तीनऐवजी पाच-सहा वर्षांचा असावा आणि शेवटची परीक्षा पूर्णवेळ विद्यार्थ्यांचीच असावी, एका गुणाचीही सूट नको. महाविद्यालयांतील अध्यापकांची रिक्त पदे भरल्याशिवाय मात्र हे कागदावरच राहील. त्यासाठी आयोगाचा नियम बदलावा लागेल आणि पालिकेला पैसा खर्च करावा लागेल. दोन्ही गोष्टी अवघड आहेत, अशक्य नाहीत.

रोज रुग्ण पाहणाऱ्याचा अनुभव शास्त्राला किती देऊ शकतो, याचा दाखला परळच्याच इतिहासात आहे. केईएमशी निगडित असलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम आपल्या रुग्णांत बारकाईने नोंदविला आणि १९४९ मध्ये तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. असा अनुभव आज दवाखान्यादवाखान्यांतून वाया जातो, कारण तो नोंदविण्याची शिस्त लावणारे आणि तो तपासणारे कोणी नाही.

तोवर दोन गोष्टी तरी तातडीने व्हाव्यात. ऑनलाइन पदवी वा प्रमाणपत्र घेतलेल्या डॉक्टरने पाटीवर काय लिहावे आणि काय लिहू नये, हे वैद्यकीय परिषदेने रुग्णालाही समजेल अशा मराठीत जाहीर करावे. आणि प्रमाणपत्रे विकणाऱ्या संस्थांनी प्रवेशाआधीच 'या प्रमाणपत्राने तज्ज्ञ म्हणून नोंदणी होत नाही' हे लेखी सांगावे. ज्ञानासाठी शिकणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. फसविला जाणारा मात्र वाचेल.

शेवटी हा केवळ डॉक्टरांच्या बढतीचा प्रश्न नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने मुंबईत बळी घेतले. आजही प्रत्येक पावसाळ्यात डेंग्यू, हिवताप आणि लेप्टोची लक्षणे प्रथम पाहतो तो गल्लीतला दवाखाना, आणि रात्री तीन वाजता लालबागच्या एखाद्या छोट्या रुग्णालयात धाप लागलेल्या रुग्णाजवळ उभा असतो तो पाळीवरचा एमबीबीएस डॉक्टर. तज्ज्ञ दूरध्वनीवर असतो. त्या घटकेला रुग्णाचे प्राण या डॉक्टरला किती येते, यावर अवलंबून असतात. त्याला अधिक शिकायचे आहे, हे तो स्वतःच्या खिशातून शुल्क भरून दाखवून देत आहे. त्याला शिकविण्याची जबाबदारी एडिनबराची नाही, आपली आहे.