पिल्लू सगळ्यांचं, निस्तरायचं कुणी?

मैत्रिणींनो, घरात कुत्र्याचं पिल्लू येतं तेव्हा ते नक्की कुणासाठी येतं, याचा कधी विचार केलाय? मुलांचा हट्ट असतो, यांना हौस असते, आजोबांना दुपारी ओट्यावर सोबत हवी असते. नाव काय ठेवायचं यावर दोन दिवस घर डोक्यावर घेतलं जातं. आणि पाचव्या दिवशी पिल्लाला जुलाब लागले की हाक एकच येते, "आई, बघ ना त्यानं काय केलंय!"

मग आई पदर खोचून फडकं आणि बादली घेऊन येते. पुसता पुसता म्हणते, "त्याला दूध नका देऊ रे आता." तिचं कुणी ऐकत नाही. कुत्र्याच्या जातीला कसली आलीत पथ्यं!

माझं म्हणणं सरळ आहे. घरात जी पिल्लाची शी पुसते, त्याची ताटलीही तिच्याच हुकमतीत हवी. यात मानपानाचा प्रश्न नाही. पिल्लाचं पोट का बिघडलं हे शोधायचं तर त्यानं काय खाल्लं आणि काय बाहेर टाकलं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला ठाऊक असाव्या लागतात. बहुतेक घरांत दुसरी गोष्ट फक्त तिलाच ठाऊक असते आणि पहिली कुणालाच नसते.

आमच्या शेजारच्या वहिनींकडे अडीच महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू आलं. पंधरा दिवस झाले तरी शी बांधून होईना. कुणीतरी मोबाईलवर वाचून सांगितलं, "याला फूड ॲलर्जी आहे." झालं, घरभर तोच शब्द. मी वहिनींना म्हटलं, आधी एक दिवस त्याचं खाणं नुसतं लिहून तर काढा. सकाळी म्हशीच्या दुधात कुस्करलेली पोळी. अण्णांच्या चहाबरोबर अर्धी खारी. मुलं शाळेत जाताना दोन ग्लुकोज बिस्किटं. दुपारी पाकिटातलं खाणं, तेही दर आठवड्याला नव्या प्रकारचं, कारण दुकानदार म्हणेल ते आणायचं. संध्याकाळी भाताला चोळलेला चिकनचा रस्सा. रात्री झोपताना पुन्हा दूध, "बिचारं रडतंय" म्हणून. आता सांगा, एवढं सगळं एका दिवसात खाऊन तुमचं-माझं पोट तरी जागेवर राहील का? यात ॲलर्जी शोधायची म्हणजे लग्नाच्या पंगतीत जेवून आल्यावर कुठल्या पदार्थानं बाधलं ते शोधण्यातला प्रकार!

दुधाचंच घ्या. दूध-पोळी, दूध-भाकरी हे आपल्याकडचं कुत्र्याचं पिढ्यान्पिढ्यांचं जेवण. पण आईचं दूध सुटलं की पिल्लाच्या आतड्यातलं दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य कमी होत जातं. गाई-म्हशीच्या दुधात ही साखर कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असते. ती पचली नाही की आतड्यात पाणी ओढून घेते, आणि पोटात वायू धरतो, जुलाब होतात. याला ॲलर्जी म्हणत नाहीत, हे न पचणं आहे. ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या प्रथिनालाच शत्रू समजते. दोन्हींचा फरक व्यवहारात मोठा आहे. न पचणाऱ्या पिल्लाला थोडंसं दही चालून जातं, दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्याला तेही चालत नाही.

नव्या पाकिटाचंही तसंच. खाणं बदलायचं तर सात ते दहा दिवस घ्यावेत. आधी पाव हिस्सा नवं आणि बाकी जुनं, मग निम्मं निम्मं, असं करत. आपण करतो काय, जुनं संपलं की त्याच दिवशी नवं ओततो. शिवाय जास्त खाण्यानंही शी पातळ होते, हे तर कुणाच्या गावीच नसतं. तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मग सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा, एवढं पुरे.

आणि जंत! ते तर बहुतेक पिल्लं आईच्या पोटातूनच घेऊन येतात, उरलेले तिच्या दुधातून. अंग वाळकं आणि पोट टम्म अशा पिल्लाला आपण "गुटगुटीत" म्हणतो. जंताचं औषध पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यापासून, दर दोन आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्यायचं असतं. हेच गोल जंत लहान मुलांनाही बाधू शकतात. तेव्हा पिल्लाला हाताळून तसेच लाडवाच्या डब्यात हात घालणाऱ्या चिरंजीवांना जरा दटावाच.

इथवरचं सगळं धीरानं घेण्यासारखं आहे. एक गोष्ट मात्र तशी नाही, आणि हा लेख लिहायला घेतला तो मुख्यतः तिच्यासाठी. पिल्लू एकाएकी मलूल झालं, खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ उग्र वासाचे, रक्ताचे जुलाब लागले, तर पार्व्हो या विषाणूचा संशय धरायचा. १९७८ साली हा आजार जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा काळ होऊन बसला आहे. सहा आठवडे ते सहा महिने हे वय जास्त धोक्याचं. यात अंगातलं पाणी झपाट्यानं जातं. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दगावतात, वेळेत सलाईन आणि औषधं मिळाली तर बरीच वाचतात. इथे तासांचा हिशेब असतो.

आणि नेमके हेच तास आपल्या घरांत "हे आले की नेऊ" यात जातात. गाडी त्यांच्याकडे, पैसे त्यांच्याकडे, दवाखान्यात बोलायचं त्यांनी. ते येतात रात्री आठला. तोवर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना बंद झालेला असतो. अशी दोन पिल्लं आमच्याच गल्लीत गेली. दोन्ही घरांतल्या बायकांना सकाळीच कळलं होतं की हे काही साधं नाही. म्हणून म्हणते, रिक्षाला हात करा, पिल्लू जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि निघा. गाई-म्हशींच्या रांगेत उभं राहायला लाजू नका. तिथल्या डॉक्टरांना पिल्लं नवीन नाहीत. कुणी विचारलंच, "घरातलं कुणी माणूस नाही का आलं?" तर म्हणावं, "मी आलेय ना!"

पिल्लाच्या हिरड्या बोट लावून बघा. ओलसर गुलाबी हव्यात. चिकट किंवा पांढुरक्या लागल्या, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसली नाही, तर पाणी कमी पडलंय. मोठ्या कुत्र्याचं पोट बिघडलं की एखादा दिवस लंघन घडवतात, ते लहान पिल्लाला करू नका. त्याच्या रक्तातली साखर पटकन उतरते. आणि घरातल्या औषधांच्या डब्याला तर हातही लावायचा नाही. तापाच्या, अंगदुखीच्या आपल्या साध्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या ठरू शकतात. जुलाब थांबवायची आपली गोळीही मनानं द्यायची नाही.

पार्व्होची लस असते. सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. विकणारा "एक इंजेक्शन दिलंय" म्हणतो आणि आपण निश्चिंत होतो. पण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून तर पुन्हा पुन्हा द्यायची. घरात हा आजार होऊन गेला असेल तर नेहमीच्या फिनाईलवर विसंबू नका. आधी घाण स्वच्छ काढून, एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून ती जागा दहा मिनिटं ओली ठेवायची. विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. माणसांना त्याची बाधा होत नाही, एवढाच दिलासा.

आता खऱ्या ॲलर्जीकडे येऊ. ती असते, पण वाटते तितकी सर्रास नाही. तिची मुख्य खूण पोटात नव्हे, कातडीवर दिसते. बारा महिने खाज, पंजे चाटत राहणं, कान पुन्हा पुन्हा बिघडणं. काहींना याबरोबर उलट्या, जुलाब, दिवसातून बऱ्याच वेळा शी, असाही त्रास होतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के असा क्रम लागला. पहिलं आपल्या घरात येत नाही. पण पुढची तिन्ही बघा, दूध, चिकन, पोळी! बहुतेक घरांत पिल्लाचा सगळा आहार यांतच येतो.

ती ओळखायची कशी? कुत्र्यांच्या बाबतीत अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या तपासण्या भरवशाच्या नाहीत, तेव्हा त्यात हजारो रुपये घालू नका. खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे पथ्य. आजवर कधी न खाल्लेलं एकच प्रथिन घ्यायचं. समजा, मासा कधी दिला नसेल तर काटे काढलेला उकडलेला मासा. त्याच्या जोडीला भात किंवा बटाटा. मीठ, तेल, मसाला, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण तर कुत्र्याला एरवीही घातकच, म्हणजे रस्सा-आमटी कायमची बंद. पोटाचा त्रास असेल तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. कातडीला वेळ लागतो. आठ आठवडे नेटानं केलं तर ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊंहून अधिक कुत्र्यांना उतार पडतो. मग जुनं खाणं पुन्हा देऊन बघायचं. त्रास उलटला तर निदान पक्कं. वाढत्या पिल्लाला मात्र नुसत्या मासे-भातावर दोन महिने काढता येत नाहीत, कॅल्शियम कमी पडतं. म्हणून हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करायचं. शाकाहारी घरात हे आणखी अवघड. तिथे ॲलर्जीसाठी खास बनवलेलं तयार खाणं मागवता येतं, पण ते महाग पडतं.

हे आठ आठवडे म्हणजे खरी कसोटी, आणि ती कुत्र्याची नसते. एक बिस्किट, एक खारी, चिकनच्या चवीची एक औषधी गोळीसुद्धा सगळ्या पथ्यावर पाणी फिरवते. भरल्या घरात हे कोण पाळणार? सून सासऱ्यांना कशी सांगणार, की अण्णा, तुम्ही त्याला काही द्यायचं नाही? नवऱ्यानंच हे वडिलांना सांगायला हवं. पिल्लू त्यानं आणलंय ना! स्वयंपाकघरातले नियम बाईनं करायचे आणि ते मोडायची मुभा मात्र बाकी सगळ्यांना, ही रीत माणसांच्या पथ्यातही मी पाहत आलेय. सासूबाईंचा मधुमेह असो की धाकट्याचा खोकला.

एक वही करा. तारीख, काय खाल्लं, किती, शी कशी झाली, आव किंवा रक्त होतं का, उलटी किती वेळा. मोबाईलवर शीचा फोटोही काढून ठेवा. किळस वाटेल, पण डॉक्टरांना तो शंभर शब्दांपेक्षा उपयोगी पडतो. दवाखान्यात मी कितीदा पाहिलंय, पिल्लू घेऊन साहेब गेलेले असतात. डॉक्टर विचारतात, "काय खायला देता?" की साहेब खिशातून फोन काढतात, "अगं, आपण याला काय देतो गं?"

वहिनींच्या पिल्लाचं पुढे काय झालं म्हणाल, तर जंताचं औषध झालं, दूध बंद झालं आणि पाकीट एकच ठरलं. चारच दिवसांत शी बांधून झाली. ॲलर्जी-बिलर्जी काही नव्हती. अण्णा पहिले दोन दिवस रुसले होते. मग वहिनींनी पाकिटातले मोजून वीस दाणे एका वाटीत काढून त्यांच्या हाती ठेवले. "चहाच्या वेळी हेच द्यायचे, अण्णा, आणि वाटी रिकामी झाली की मला दाखवायची." आता अण्णा रोज पाचला ओट्यावर बसून एकेक दाणा भरवतात आणि मोठ्यानं मोजतात.